मदत हवी आहे: नववीतला मुलगा, 'शिक्का नको' म्हणणारे वडील, आणि शाळेची समुपदेशक म्हणून माझं काम नेमकं कुठवर?

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतीये, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक आहे, आठवड्यातून तीन दिवस, संस्थेच्या पगारावर. मानसशास्त्रात एमए केलंय पण स्पेशल एज्युकेशनचं शिक्षण नाही हे आधीच सांगते. खोली मिळालीये ती खेळाच्या सामानाची, एका बाजूला लेझीम आणि ढोल, दुसऱ्या बाजूला माझं टेबल. पहिले सहा महिने वर्गात कुणी दंगा केला की "जा मॅडमकडे" म्हणून पाठवायचे त्यामुळे पोरं शिक्षा समजूनच यायची, आता जरा फरक पडलाय.

सहावीत एक मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), चालते पण आधार लागतो. वर्ग पहिल्या मजल्यावर, आई रोज उचलून वर न्यायची. ती मुलगी दिवसभर पाणीच प्यायची नाही, कारण संडासाला दोन पायऱ्या आणि आत धरायला काही नाही, आणि हे तिने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तोवर कुणालाच माहीत नव्हतं, आईलाही नाही. मग मागे लागून लागून तुकडी खाली आणली, पायऱ्यांवर उतार केला, आत लोखंडी दांडा बसवून घेतला. तिथे माझं काम काय आहे हे मला कळत होतं. पण आता नववीतल्या एका मुलाच्या बाबतीत कळेनासं झालंय.

हा मुलगा चौथीत शिकलेला प्रतापगडाचा प्रसंग आजही असा सांगतो की ऐकत राहावं, कोण कुठे दबा धरून बसलं, इशारा कसा ठरला, सगळं. आणि सहामाहीत इतिहासाच्या पेपरात पाच मार्कांच्या प्रश्नाला अडीच ओळी. त्यातही काने-मात्रे गळलेले, जोडाक्षरं फुटलेली ('प्रताप'चं 'परताप', 'स्वराज्य'चं 'सवराज'), एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेने. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसून पुढे गेलेल्या असतात. निदान करणं माझं काम नाही हे मान्य, पण अध्ययन अक्षमतेची (बुद्धी नीट असून लिहिण्या-वाचण्यात अडणं) शंका यावी इतकं दिसतंय म्हणून तपासणी करून घ्या असं सुचवलं.

वडील गवंडीकाम करतात. शाळेत बोलावलं तर खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगं आळशी आहे, डोक्यानं अधू नाही. एकदा शिक्का बसला तर पुसायचा कुणी?" शिवाय तपासणीला पुण्याला जावं लागलं तर दोन-तीन दिवसांचा खाडा, म्हणजे तेवढी मजुरी गेली, हे ते बोलले नाहीत पण मला दिसत होतं.

दुसरीकडे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण दहावीच्या निकालाचं दडपण आहे. त्यांचं म्हणणं, नववीतच पालकांना समजवा, शाळेतून नाव काढून १७ नंबरचा फॉर्म (बाहेरून दहावीला बसण्याचा) भरू दे, आणि हे तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील. मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगायची इच्छाही नाही.

आणि मुलगा मला एकटीला म्हणाला, "माझं लिहून द्यायला कुणी मिळालं तर मी पास होईन मॅडम, पण बाबांना सांगू नका मी असं बोललो."

आता मी कुणाची बाजू घेऊन कुणाशी काय बोलू? वडिलांना वाटतं मी शाळेची माणूस, शाळेला वाटतं मी मुलांना डोक्यावर बसवते. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

*

फिरता_शिक्षक: मॅडम, मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत विशेष शिक्षक, मराठवाड्यात तालुक्याच्या गट साधन केंद्रातून शाळा फिरतो. १७ नंबरचं तुमच्या तोंडून अजिबात जाऊ देऊ नका, एकदा गेलं की तो बाप परत तुमच्यापाशी येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि कलम १६ मध्ये ती मुलांमध्ये लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात तसे बदल करायचे हे शाळेचंच काम म्हणून लिहिलंय. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलगा सांगेल ते लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं आहे. दोन्ही कलमांची प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवा.

वडिलांचं म्हणाल तर त्यांची भीती नेमकी उलटी आहे. तपासणीत आधी डोळे-कान बघतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. बुद्धी नीट असून लिहिण्या-वाचण्यातच अडतंय असं दिसलं तरच अध्ययन अक्षमता म्हणतात. म्हणजे पोरगं डोक्यानं अधू नाही हेच तो कागद सांगणार आहे. हे त्यांना त्यांच्याच शब्दात सांगा.

त्या सहावीतल्या मुलीला दिव्यांग मुलींचा महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता मिळतो का तेही बघा, वर्षाचे दहा महिने असतो, पुष्कळ शाळा नावच पाठवत नाहीत.

ठाण्याची_आई: ताई, माझा मुलगा लेखनिक घेऊन दहावी झाला. आमच्याकडे नवरा वर्षभर अडून बसला होता. शाळेत बोलावलं की बापाला वाटतं आपल्याला जाब विचारायला बोलावलंय, तुम्ही घरी जा. आणि कागद नका दाखवू, मुलाचं तोंडी उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याला विचारून, आणि ते ऐकवा. आमच्या शाळेतल्या मॅडमनी हेच केलं होतं. तो जे एकट्यात बोलला ते मात्र तुमच्यापाशीच राहू दे, सांगायचं झालं तर तो स्वतः सांगेल, तुम्ही फक्त शेजारी बसा.

अजून एक, लेखनिक मिळाला की झालं असं नाही हां. दहावीला नववीचा किंवा त्याखालचा मुलगा लागतो, आणि सांगून लिहून घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. माझा पहिल्या वेळी इतका भराभर बोलला की समोरच्याने अर्धंच लिहिलं, भूमितीच्या आकृतीला तर दोघं रडकुंडीला आले. तासाला २० मिनिटं जादा म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, तेवढा वेळ बसायची सवयही लागते. म्हणून सराव नववीतच सुरू करा, दहावीच्या प्रिलिमची वाट बघू नका.

निवृत्त_हेडसर: मी त्या खुर्चीत अकरा वर्षं बसलोय. तोंडी बोलू नका, लेखी पत्र द्या, त्यावर आवक नंबर आणि तारीख घ्या. आणि निकालाचंच बोला, सवलत मिळाली तर हा मुलगा पास होणाऱ्यांत जाईल. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, म्हणजे तुमच्याकडून कोल्हापूरला, त्यामुळे मुख्याध्यापकांची सही लागणारच आहे, त्यांच्याशी भांडण करून चालणार नाही.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांत जे झालं ते लिहिते. सरांना पत्र दिलं, आवक नंबर घेतला, ते फक्त "बघू" म्हणाले, पण त्यानंतर १७ नंबरचा विषय काढलेला नाही.

रविवारी घरी गेले होते. मुलाच्या परवानगीने रेकॉर्डिंग लावलं, तो तिथेच दारात बसला होता. वडील पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलले नाहीत, मग विचारलं, "हे पुस्तकात बघून बोलतोय का?" मी म्हटलं नाही, पुस्तक माझ्या टेबलावर बंद होतं. मग त्यांनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना मुलगा दारातूनच म्हणाला, "बाबा, मला येतं सगळं, लिवता येत नाही." मला जे सांगायचं नव्हतं ते त्यानेच सांगितलं.

पुण्याचं अजून नक्की नाही. ते म्हणाले, आधी डोळे-कान इथेच तपासून आणतो, मग पुढचं बघू. मंगळवारी मीही सोबत जातीये. एक विचारायचं राहिलं, पुढच्या तपासणीला वह्या न्यायच्या तर कुठपासूनच्या? घरी पाचवीपासूनच्या सगळ्या आहेत, आईने पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात.

फिरता_शिक्षक: सगळ्या घ्या, पाचवीच्या तर नक्कीच. तीच चूक तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे हे वह्यांतूनच दिसतं, म्हणजे आळसाचा मुद्दाच उरत नाही. उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तकं आणि तुमच्या नोंदी तारखेसकट एका फायलीत लावा. आणि त्याच्या आईलाही सोबत घ्या, तिने वह्या जपून ठेवल्यात म्हणजे तिला आधीपासून काहीतरी जाणवलं असणार.