मदत हवी आहे : आपापल्या घरी राहून, सगळ्यांनी मिळून नवे पदार्थ करायचे आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच-सहा मैत्रिणी सध्या वेगवेगळ्या कारणांनी घरातच अडकलो आहोत. एकीचं बाळ लहान आहे, एकीच्या पायाला प्लास्टर आहे, दोघी घरूनच काम करतात. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्यांना एकटं ठेवून मला बाहेर पडता येत नाही. भेटून जेवणं बंदच पडलं. मग एकीने सुचवलं, की रविवारी सगळ्यांनी एकच पदार्थ करायचा, आधी कुणीच न केलेला, आणि व्हिडिओ कॉल लावून एकत्र जेवायला बसायचं.

याची आम्हा सगळ्यांना फार ओढ लागली आहे. आठवडाभर ग्रुपवर जिन्नस, फोटो, शंका सुरू असतात. गेल्या वेळी फलाफल, म्हणजे अरबी पद्धतीचे चण्याचे तळलेले गोळे, केले. बाहेरून गडद तपकिरी, कुरकुरीत कवच आणि फोडल्यावर आत कोथिंबीर-पार्सलीचा हिरवागार रंग. सासूबाईंनी आधी वास घेऊन पाहिला, मग एक खाल्ला आणि लगेच दुसरा मागितला. ऑपरेशननंतर त्यांनी आपणहून काही मागितलं ते तेव्हाच.

पण दोघींकडे तेच गोळे तेलात पडताक्षणी विरघळले. पाककृती (पाकृ) एकच, सगळ्यांनी वाचलेली, तरी असं. एकीचे इतके हिरमुसले तोंड झाले होते की जेवणाची मजाच गेली. तर पहिला प्रश्न हाच, की पाकृ कशी लिहून घ्यावी म्हणजे वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या भांड्यांत ती सारखी जमेल?

दुसरं म्हणजे, आता सगळ्यांना काहीतरी आंबवायचं आहे. कोरियाची किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं), इथिओपियाचा इंजेरा (आंबवलेल्या पिठाचा डोशासारखा पदार्थ) आणि इंडोनेशियाचा टेम्पे (बुरशीने आंबवलेले सोयाबीन) अशी तीन नावं आली आहेत. एकीच्या घरात सध्या कडाक्याची थंडी, दुसरीकडे पंखा बंद केला तर घामाच्या धारा. सुरुवात कशाने करावी?

शिवाय आमच्यातल्या दोघी एकमेकींपासून चालत पाच मिनिटांवर राहतात आणि दाराशी डबे ठेवून अदलाबदल करतात. त्यात काय सांभाळायला हवं? आणि सासूबाईंना चावायला त्रास होतो. त्यांच्यासाठी वेगळं काही न शिजवता, सगळ्यांच्याच ताटात येईल असा मऊ पदार्थ कुणी सुचवेल का?

प्रतिसाद

आधी फलाफल. त्या दोघींनी काबुली चणे उकडून घेतले होते का, किंवा डब्यातले शिजवलेले वापरले का, ते विचारा. बहुतेक तिथेच उत्तर सापडेल. फलाफलला चणे फक्त रात्रभर भिजवायचे, शिजवायचे नाहीत. कच्च्या चण्यातला स्टार्च तेलात शिजतो आणि गोळा धरून ठेवतो. आधीच शिजलेल्या चण्यात ती ताकद उरत नाही, वर पाणीही जास्त असतं. भिजवलेले चणे निथळून कापडावर कोरडे करा, मिक्सरला रवाळ फिरवा, मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि तेल १७५ ते १८० अंशांना आलं की एकच गोळा सोडून बघा. पाकृत 'चणे भिजवून' एवढंच लिहिलं की वाचणारी पुढचं 'उकडून' मनाने जोडते. म्हणून जे करायचं नाही तेही पाकृत लिहा.

मापांचं म्हणाल तर कप आणि वाटी सोडून द्या, वजनकाटा घ्या. तुमच्या मैत्रिणी वेगवेगळ्या देशांतल्या पाकृ वाचत असतील तर हा घोळ होणारच. अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानी पाकृतला २००, आणि राइस कुकरबरोबर येणारा १८० मिलीचा. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिली धरतात, इतरत्र बहुतेक ठिकाणी १५. मैद्याचा तोच कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास, दाबून भरला तर १५० च्या पुढे. एवढ्या फरकात ब्रेड पार वेगळा होतो.

ओव्हनला पंखा असेल तर तापमान २० अंश कमी ठेवा. आणि वेळेच्या जोडीला खूण लिहा. 'दहा मिनिटं परता' यावर थांबू नका, 'कांद्याच्या कडा तांबूस होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं' असं लिहा. प्रत्येकीची शेगडी वेगळी, कढईचा तळ वेगळा. खूण मात्र सगळीकडे तीच असते.

प्रतिसाद

सुरुवात किमचीने करा, डोळे झाकून. टेम्पेला २४ ते ४८ तास साधारण ३० अंशांची सलग ऊब लागते, शिवाय रायझोपस बुरशीचं विरजण मिळवावं लागतं. तुमच्या थंडीतल्या मैत्रिणीला ते जड जाईल. इंजेराला टेफ या बारीक धान्याचं पीठ लागतं, ते सगळीकडे मिळत नाही, आणि दुसऱ्या पिठाने तीच चव आणि तोच पोत येत नाही.

किमची मात्र समजूतदार आहे. थंड घरात सावकाश आंबते, उबदार घरात भराभर. उबदार घरातलीने एका दिवसातच चव बघायला लागावं आणि आंबटपणा आवडला की बरणी फ्रीजमध्ये ठेवावी. थंडीतलीला चार-पाच दिवसही लागतील. कोबी मिठात मुरवून, धुऊन, पिळून झाल्यावर तयार मिश्रणात मीठ वजनाच्या दोन-अडीच टक्के राहील असं बघा. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, खाली ताटली ठेवा, रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या आणि चमच्याने कोबी दाबून रसाखाली ठेवा. शाकाहारी असाल तर फिश सॉसऐवजी सोया सॉस चालतो.

कोरियात हिवाळ्यापूर्वी घरचे आणि शेजारी मिळून हिवाळाभर पुरेल एवढी किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ती परंपरा सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे तुम्ही जे करताय, ते या पदार्थाच्या स्वभावातच आहे. माझं मत विचाराल तर सगळ्यांनी एकाच दिवशी बरण्या भरा आणि पुढचे तीन रविवार तीच किमची चाखा. दर आठवड्याला ती वेगळी लागते.

प्रतिसाद

डब्यांबद्दल. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नका, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट भांड्यांत काढून लवकर गार करा. भाताची विशेष काळजी घ्या. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. मेक्सिकन पद्धतीचा राजमा स्लो कुकरमध्ये करणार असाल तर आधी भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेवर त्यातला विषारी घटक नष्ट होत नाही.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा : काय आहे, कधी केलं, त्यात तीळ, शेंगदाणे, सोया, मासे, अंडं आहे का. ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना मध घातलेलं काही बाळाला देऊ नका म्हणावं, एक वर्षापर्यंत मध वर्ज्य. फलाफल इजिप्तच्या पद्धतीने फावा बीन्सचे (एक प्रकारच्या मोठ्या शेंगदाण्यांचे, म्हणजे बाकल्याचे) करणार असाल तर कुणाला जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता नाही ना हे आधी विचारा, त्यांना हे दाणे बाधतात. आणि सासूबाईंना वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असेल तर जपानी नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वाटेला जाऊ नका. त्यात के जीवनसत्त्व खूप असतं, गोळीचा परिणाम कमी होतो.

प्रतिसाद

सासूबाईंसाठी चावानमुशी करा. जपानी, वाफवलेलं अंड्याचं खारं कस्टर्ड. फेटलेल्या अंड्याच्या तिप्पट गार डाशी (जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी, सहसा कोम्बू या समुद्री शेवाळाचं), थोडा सोया सॉस, गाळून कपात ओतायचं, कपावर झाकण ठेवायचं आणि मंद वाफेवर ठेवायचं. वाफ जोरात झाली तर आत जाळी पडते, म्हणून स्टीमरचं झाकण किंचित कललेलं ठेवा. कप हलवला की मधोमध थरथरलं पाहिजे. चमच्याने खाता येतं, दातांची गरजच नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं, दोघींनीही चणे उकडले होते! आता त्या पुन्हा करणार आहेत, बाकीच्या कॉलवर सोबत बसू. वॉरफरिनचं डॉक्टरांना आजच फोन करून विचारते. किमची आणि चावानमुशी दोन्ही नक्की झाले.

आता एकच अडलंय. आमच्यातल्या एकीला कोम्बू मिळत नाही, घरात फक्त सुके शिताके मशरूम आहेत. नुसत्या शिताकेची डाशी चावानमुशीला चालेल का? चालत असेल तर ते किती घ्यायचे, गार पाणी किती घ्यायचं आणि किती वेळ भिजवायचे, ते ज्यांनी केलंय त्यांनी कृपया ग्रॅममध्ये सांगा.