अंतरिम (दावा चालू असतानाच्या) आदेशावर अपील : काहींवरच का, सगळ्यांवर का नाही?

धागाकर्ता : आमच्या वाटणीच्या दाव्यात एक मिळकत लिहायची राहिली म्हणून दुरुस्ती अर्ज दिला, तो नामंजूर. वकील म्हणाले यावर अपील नाही. पण त्याच दाव्यात आमचा निशाणी ५ चा मनाई अर्ज (निकालापर्यंत समोरच्यांना रोखा असा) फेटाळला त्यावर मात्र अपील चालतं! ज्या आदेशाने दाव्याचं वाटोळं होऊ शकतं त्यावर अपील हवंच, माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : दिवाणी वकिली करतो म्हणून सांगतो. अपील चालणारे आदेश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ नियम १ मध्ये मोजून दिलेत, मनाई, रिसीव्हर (मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस), एकतर्फी हुकूमनामा (एक बाजू गैरहजर असताना झालेला निकाल) रद्द करायला नकार वगैरे, बाकीचे मुद्दाम बाहेर ठेवलेत. एकेका दाव्यात अर्जांचा ढीग पडतो, प्रत्येकावर अपील दिलं तर साक्षीपुरावा सुरू कधी होणार? आणि त्याच संहितेचं कलम १०५ आहेच की, हरलात तर शेवटच्या अपिलात त्या आदेशातली चूक काढता येते.

धागाकर्ता : १०५ कागदावर छान आहे हो. मिळकत दाव्यातच नाही तर तिच्यावर पुरावा येणार कुठून, मग वर्षानुवर्षांनी अपील मंजूर झालं तरी केस परत खाली, पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर ती मिळकत विकली गेली तर? आधी निदान रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा आदेश हायकोर्टाकडून तपासून घेणं) होतं. १ जुलै २००२ पासून त्याचं कलम ११५ असं आवळलं की आदेश आपल्या बाजूने लागला असता तर दावाच संपला असता, एवढ्यापुरतंच ते उरलं. दुरुस्ती अर्ज त्यात बसत नाही.

प्रतिसाद २ : मी वकीलसाहेबांच्या बाजूने. आईने घर खाली करून मागायचा दावा लावलेला, समोरच्यांनी कागद दाखल करायच्या साध्या अर्जावरून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली (खालच्या कोर्टांवर हायकोर्टाची देखरेख) हायकोर्ट गाठलं, स्टे मिळाला, तीन वर्षं तशीच गेली, शेवटी फेटाळलं. निकाल बघायला आई राहिली नाही. २२७ मध्ये हायकोर्ट निदान दारातूनच परत पाठवू शकतं, अपील म्हणजे हक्कच, मग असल्या लोकांना अडवणार कोण?

धागाकर्ता : आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे घात स्टेने केला ना? वर गेलं तरी खालचं काम थांबायचं नाही, असं करा.

प्रतिसाद १ : स्टेचं मान्य, तो सहज मिळता कामा नये. तुमच्यापुरतं म्हणाल तर २२७ करा, उशीर नको. अर्ज साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधीचा आहे का? नंतरचा असेल तर पुरेशी काळजी घेऊनही आधी आणता आला नसता हे दाखवावं लागतं.

धागाकर्ता : आधीचाच आहे, अजून कोर्टाने वादाचे मुद्देसुद्धा काढले नाहीत.

प्रतिसाद १ : मग दम आहे. आदेशाची नक्कल आजच मागा.