मदत हवी आहे: कोकमाचा अर्क, एमटीटीची उलटी रीडिंग्ज आणि "संरक्षण"

नमस्कार मंडळी, इथे लॅबमधलं कोणी असेल तर प्लीज वाचा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोकमाच्या सालीचा मिथेनॉलमधला अर्क मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एचटी-२९ पेशींवर तपासतेय. पेशी पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) मधल्या, अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवलाय, वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर जाऊ दिलेलं नाही, इथपर्यंत ठीक. पण एमटीटी (जिवंत पेशी हा रंग जांभळा करतात, त्यावरून किती जगल्या ते मोजायची टेस्ट) केलं की १०० मायक्रोग्रॅमपर्यंत रीडिंग नीट उतरतं आणि त्याच्या वरच्या डोसला परत चढायला लागतं, मायक्रोस्कोपखाली बघावं तर पेशी गोल होऊन सुटून तरंगतायत, म्हणजे मेल्यातच ना? जास्त डोसचे वेल जरा गढूळही दिसतात.

दुसरं म्हणजे सरांनी टायटलमध्ये "कॅन्सरपासून संरक्षण" लिहायला सांगितलंय. कोकमातलं गार्सिनॉल खायला घालून रॅट्सच्या आतड्यातले एसीएफ (कॅन्सरच्या आधी दिसणारे बिघडलेल्या पेशींचे पुंजके) कमी झाले असा २०००चा पेपर आहे, पण आमच्याकडे अ‍ॅनिमल हाऊसच नाही. नुसत्या पेशींवर संरक्षण म्हणता येईल का? (काकूने फॅमिली ग्रुपवर आधीच टाकलंय की आमची पोर आमसुलातून कॅन्सरचं औषध काढतेय, ते वेगळंच टेन्शन.)

प्रतिसाद १: पॉलिफेनॉल्स (अर्कातली वनस्पतींची रसायनं) पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, हळद, ग्रीन टी सगळ्यांचा हाच त्रास. पेशी न घालता नुसतं मिडियम (पेशी वाढवायचं द्रव), अर्क आणि एमटीटी असे वेल प्रत्येक डोसला लाव, लगेच कळेल. एमटीटी घालायच्या आधी अर्काचं मिडियम काढून पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) हलक्या हाताने धू. गढूळपणा म्हणजे अर्क खाली बसतोय, त्यानेही रीडिंग फुगतं. सरळ एसआरबी (पेशींतली प्रथिनं रंगवून मोजायची टेस्ट) करून ताडून बघ.

प्रतिसाद २: एचटी-२९ ही मुळात कॅन्सरचीच पेशी, ती मेली तर त्याला मारणं म्हणतात, संरक्षण कसलं? संरक्षण दाखवायचं तर आतड्याच्या नॉर्मल पेशींना आधी अर्क द्या, धुऊन काढा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा मार द्या आणि कॉमेट टेस्टमध्ये तुटलेल्या डीएनएच्या शेपट्या कमी होतात का बघा. तरी टायटलमध्ये "डीएनएचं संरक्षण" एवढंच लिहा, कॅन्सरपर्यंत उडी नको. आणि त्याच नॉर्मल पेशींवर नुसता अर्कही घालून बघा, त्याही तितक्याच मरत असतील तर मग कसलं औषध?

धागाकर्ती: दोघांनाही थँक्यू! पेशींशिवायचे वेल लावले, वरच्या डोसला खरंच जांभळे झाले 😭 एसआरबी पुढच्या आठवड्यात करते. सरांना टायटल बदलायला कसं सांगू ते मात्र सुचवा, आणि पुण्यात कॉमेट कुठे करू देतील का?