'गहाळ', 'अनुपलब्ध' की 'नसलेली'? लिनक्सवरची प्रशासनाची ग्राफिकल साधने

विचारणा

एका लिनक्स वितरणाच्या (लिनक्सच्या एका तयार संचाच्या) मदतपुस्तिकेचं मराठीकरण चाललंय. त्यातलं एक प्रकरण असं आहे: वापरकर्ते, गट, सेवा, घड्याळ हे सगळं सांभाळायच्या खिडक्या डेस्कटॉपवर सापडत नाहीत, तेव्हा काय करायचं. मूळ मथळ्यात 'मिसिंग' आहे. मी 'सिस्टीम प्रशासनाची गहाळ ग्राफिकल साधने' असं लिहून ठेवलंय, पण कानाला खटकतंय. शुद्ध मराठीचा हट्ट नाही, वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.

प्रतिसाद १

'गहाळ' नको. पावती गहाळ होते, फाइल गहाळ होते, म्हणजे ती कुणीतरी नीट सांभाळलेली नसते. गहाळपणा म्हणजे हलगर्जीपणाच. इथे कुणाच्या हातून काही पडलेलं नाही. 'अनुपलब्ध' करा.

प्रतिसाद २

'अनुपलब्ध' वाचलं की माणूस वाट बघत बसतो, आज नाही तर उद्या येईल म्हणून. यातली बरीचशी साधनं परत यायची नाहीत.

प्रतिसाद ३

शब्द ठरवायच्या आधी साधन का दिसत नाही ते बघा. कारणं वेगवेगळी आहेत आणि वाचणाऱ्याने पुढे काय करायचं तेही त्यावरच ठरतं.

काही साधनं होती, ती काढून टाकली. ग्नोम या डेस्कटॉपच्या दुसऱ्या आवृत्तीच्या, म्हणजे ग्नोम २ च्या काळात 'ग्नोम सिस्टीम टूल्स' नावाचा संच होता. वापरकर्ते आणि गट, नेटवर्क, तारीख-वेळ, सेवा, सामायिक फोल्डर, अशी प्रत्येकाची वेगळी खिडकी. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि ही कामं सेटिंग्जमध्ये गेली, पण सगळी गेली नाहीत. आज तिथे नवा वापरकर्ता जोडता येतो, पासवर्ड बदलता येतो, एखाद्याला प्रशासक करता येतं. गटांचं मात्र नावही नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांची 'सिस्टीम-कॉन्फिग'ने सुरू होणारी साधनंही अशीच एकेक करून गेली, प्रिंटरचं तेवढं टिकलं. ओपनसूझे या वितरणाची तर यास्ट हे प्रशासनाचं साधन ही ओळखच होती. २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या लीप १६ या आवृत्तीतून तेही वगळलं आणि त्याची कामं कॉकपिट, मिर्लिन वगैरे नव्या साधनांमध्ये वाटून दिली.

काही ठिकाणी ती मुळातच नव्हती. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कळफलक, माउस, पडदा सगळं आहे, पण वापरकर्ते सांभाळायची स्वतःची खिडकी नाही. ती वितरणाने बाहेरून आणायची. एक्सएफसीई वापरणाऱ्या झुबुंटू या वितरणाने ती ग्नोमच्या त्या जुन्या संचातूनच उसनी घेतली. अशा ठिकाणी 'काढली' म्हणणं म्हणजे उगाच आळ घेणं.

तिसरा प्रकार सगळ्यात चकवणारा. साधन आहे, मेनूत दिसतंय, दाबलं की काहीच होत नाही. उबुंटू १७.१० मध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणारी वेलँड ही नवी व्यवस्था ठरीव झाली आणि सिनॅप्टिक (प्रोग्राम बसवायचं साधन), जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडायचं साधन) ही मंडळी अडली, कारण रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या खिडकीला पडद्यावर जागाच मिळेना. पासवर्ड विचारून अख्खी खिडकी रूट म्हणून उघडून देणारं जीकेएसयू पुढे २०१८ मध्ये डेबियन आणि उबुंटूने काढलं. आताची रीत अशी की खिडकी साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि अधिकार लागणारं नेमकं तेवढंच काम मागची सेवा पॉलकिटला, म्हणजे परवानगी तपासणाऱ्या यंत्रणेला विचारून करते. रीत चांगली आहे, फक्त जुनी साधनं त्यासाठी नव्याने लिहायला हवी होती आणि ते काम अंगावर घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही.

विचारणारा

आमच्या प्रकरणात तिन्ही आहेत! मग एकच विशेषण कसं बसायचं?

प्रतिसाद ३

बसवूच नका. मराठीत क्रियापद हाताशी असताना विशेषणाला कशाला राबवायचं? 'साधने नसतील तेव्हा' म्हणा आणि कारण पोटमथळ्यात सांगा.

प्रतिसाद ४

'ग्राफिकल' ठेवलंत ते बरं केलंत. 'चित्रमय' म्हटलं की लहान मुलांचं पुस्तक आठवतं, 'आलेखी' म्हटलं की आलेख. 'प्रशासन'ही चालेल. 'देखभाल' म्हणजे साफसफाई, डागडुजी. कुणाला कसला अधिकार द्यायचा हे त्यात येत नाही.

एक वेगळं सांगतो. गटांच्या खिडकीला पर्याय म्हणून तुम्ही युजरमॉडची (वापरकर्त्याची माहिती आणि गट बदलणारी टर्मिनलमधली) आज्ञा देणार असाल, तर तिथे 'गट बदला' असं मोघम लिहू नका. समजा, डेबियन किंवा उबुंटूवर कुणाला आर्डुइनो बोर्ड (प्रयोगांसाठीचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जोडायचाय. त्याच्याशी बोलायचा सिरियल पोर्ट वापरायला 'डायलआउट' गटात असावं लागतं. जुन्या खिडकीत त्या नावापुढच्या चौकोनात खूण केली की काम झालं. टर्मिनलमध्ये मात्र कॅपिटल 'जी' या पर्यायाबरोबर स्मॉल 'ए' द्यावा लागतो. तो राहिला तर आहे त्या यादीत भर पडत नाही, सगळी यादीच नवी होते. म्हणजे वापरकर्ता डायलआउटमध्ये जातो आणि प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या 'सुडो' गटातून बाहेर पडतो, आणि हे निस्तरायला लागणारा अधिकारच त्याच्याकडे उरत नाही. म्हणून 'गटांत भर घाला' आणि 'गटांची यादी नव्याने ठरवा' असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवा. बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, तेही तिथेच लिहा. नाहीतर लोक तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतात.

विचारणारा

आभार. मथळा: 'प्रशासनाची ग्राफिकल साधने नसतील तेव्हा'. पोटमथळे: 'काढून टाकलेली', 'मुळात नसलेली', 'असून न उघडणारी'. गटांचे दोन शब्दप्रयोगही घेतले.

प्रतिसाद २

कॉकपिट कुठे घालणार? ते ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर उघडतं. ग्राफिकल आहे, पण डेस्कटॉपचं नाही.

विचारणारा

'मुळात नसलेली'च्या खाली, पर्याय म्हणून. तिथे 'खिडकी' न म्हणता 'पान' म्हणतो.