मुलगी स्पर्धेला एकट्या सरांसोबत जाणार, क्लबला काय विचारू?

चाफा: माझी लेक 13 वर्षांची, खो-खो खेळते. पुढच्या महिन्यात बाहेरगावी स्पर्धा आहे, सोबत फक्त सर. ते तिला रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या लवकर ये, तुझं वेगळं बघू' असं लिहितात आणि मेसेज डिलीट करतात. काही झालं नाही, असं ती म्हणते. बोलले तर संघातून नाव जाईल, ही धास्ती.

शिट्टीवाली बाई: ताई, शाळेच्या मुलींचे कबड्डी संघ घेऊन मी वर्षानुवर्षं फिरले. माणूस चांगला की वाईट, हे ताडत बसू नका. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर सगळ्यांच्या विश्वासातला होता. काही वेळा तर पालक खोलीत असताना त्यानं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार केले.

म्हणून व्यवस्था विचारा, तीही लेखी. मुक्कामाला बाई कोण? मुलींच्या खोलीत कोण जाऊ शकतं? पाय मुरगळला तर मालिश कोण करणार, कुठे? आम्ही पट्टी बांधायचो ती मैदानाच्या कडेला, सगळ्यांदेखत. मेसेज पालक असलेल्या ग्रुपवरच. 2022 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणानं महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक सक्तीची केली. तो आदेश राष्ट्रीय महासंघांना होता, पण क्लबपुढे ठेवायला उपयोगी आहे. बाई नसेल तर लेकीला पाठवू नका. एक स्पर्धा हुकली तर हुकू दे.

काळा कोट: लैंगिक हेतूनं मुलाशी मोबाइलवरून वारंवार संपर्क साधणं हाही पोक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, गुन्हा आहे. कलम 19 नुसार गुन्हा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवायचं असतं; प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही बोलता येईल.

चाफा: आज संघातल्या दोघींच्या आयांशी बोलले. त्यांच्या मुलींनाही तसेच मेसेज. क्लबचे सचिव म्हणतात, 'सरांना समजावतो, आपसात मिटवू.'

शिट्टीवाली बाई: मिटवू देऊ नका. तिघी मिळून आजच पोलिसांत जा. फोनमधलं काही पुसू नका. लेकीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिचा जबाब घरीही घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि शक्यतो महिलाच असते. तिला आधी एवढं सांगा, की तिचं काही चुकलेलं नाही आणि तिचा खेळ बंद होणार नाही. दुसरा क्लब मी शोधून देते, मला खासगी मेसेज करा.