नदी नासवणं पाप नाही?

खाडीकाठची: परवा इथे एकांनी लिहिलं, "नदीत रसायनाचं पाणी सोडणं बेकायदा आहे, पण त्याला पाप म्हणू नका. पाप माणसाने माणसाशी केलेलं." दोन दिवस ते डोक्यातून जात नाही. आमचं पोट दाभोळ खाडीवर. मेलेली मासळी पोट वर करून भरतीबरोबर काठाला लागते. आई पाटीत भरून ती पुरायची, मांजरसुद्धा तोंड लावत नसे. ज्याने पावसाचा जोर बघून, रात्रीचं पाणी सोडलं, त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून, लपून केलं. मग पाप दुसरं कशाला म्हणायचं?

सड्यावरचा: ते मीच लिहिलंय. तुमचं पोट गेलं, म्हणजे नुकसान माणसाचंच झालं. भरपाई मागा, मी सोबत येतो. पण माशाशी पाप कसं होईल? उद्या वानरावर गलोल उचलली तरी मी पापी ठरेन.

कलमवाला: वानरांचं काढलंत ते बरं केलंत! दिवसा वानर, रात्री रानडुक्कर. भुईमूग सोडला, नाचणी सोडली, आता केळीचा एक घड हाती लागत नाही. आमच्या नुकसानीला पाप कोण म्हणणार?

गिरगावकर: वानरं खाली का उतरली? रत्नागिरीत बहुतेक जंगल खाजगी मालकीचं. ते ठेकेदाराला कोणी विकलं?

कलमवाला: मी विकलं! ऐन, किंजळ, सगळं. बहिणीचं लग्न होतं. तुम्ही गणपतीला पाच दिवस येणार, शहाळी पिणार आणि आम्हाला पाप शिकवणार? पुन्हा असं लिहू नका.

गिरगावकर: माझाही त्या जमिनीत हिस्सा आहे, मला कोणी विचारलं नाही. तरी लग्नाचं ठाऊक नव्हतं. तेवढं मागे घेतो.

खाडीकाठची: भांडू नका. अडचणीत झाड विकणं आणि रात्री पाणी सोडणं मी एका मापात धरत नाही. पण देवराई कोणत्या कायद्याने राखली? पडलेली काटकीही कोणी घरी नेत नाही, ते 'पाप लागेल' म्हणूनच. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानेही कांदळवन तोडणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ चा भंग म्हटलं.

सड्यावरचा: कलम २१ म्हणजे माणसाच्या जगण्याचा हक्क. तिथेही माणूसच धरलाय, माझा मुद्दा तोच. आणि राई राखली ती देवाच्या धाकाने. त्याच देवाच्या सभामंडपासाठी आमच्या राईतला बेहडा पाडला. गावसभेत मीही हात वर केला होता. चैत्र होता, ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला स्वतःला कोंडून बसलेली. नर नंतर चार दिवस चोचीत फळ धरून त्या जागेवर घिरट्या घालत होता. माणसाचं कुणाचंच काही गेलं नाही. तरी त्या वाटेने मी अजून जात नाही. त्याला तुम्ही पाप म्हणत असाल, तर त्या एका झाडापुरतं मी नाही म्हणणार नाही.