डेनिलिक्विनचे पाणी सरकारने विकत घ्यावे का?

चर्चाप्रस्ताव

न्यू साउथ वेल्सच्या दक्षिणेला मरे नदीचा फाटा असलेल्या एडवर्ड नदीकाठी वसलेले डेनिलिक्विन हे गाव मुख्यतः ओलिताच्या शेतीवर, त्यातही भातावर जगते. ऑस्ट्रेलियात पाणीहक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो, आणि २०१२ च्या मरे-डार्लिंग खोरे आराखड्यानुसार केंद्र सरकार असे हक्क शेतकऱ्यांकडून विकत घेऊन ते पाणी नदीसाठी राखते. या खरेदीवर असलेली १,५०० अब्ज लिटरची मर्यादा २०२३ च्या कायद्याने उठली. ही खरेदी थांबली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. विकणाऱ्याचे कर्ज फिटते, हे खरे. पण उरलेले पाणी या भागाला पुरवणाऱ्या मलवाला कालव्यातून तेवढ्याच लांबून आणावे लागते, वाटेत झिरपायचे तेवढे झिरपतेच, आणि कालव्याच्या देखभालीचा बोजा उरलेल्या थोड्या खातेदारांवर येतो. भात घटला की आधी गिरणीचे काम जाते, मग यंत्रे दुरुस्त करणाऱ्याचे, आणि मग शाळेचा पट उतरतो. २००७ च्या अखेरीस तेथील भातगिरणी बंद पडली, ती २०११ मध्ये सुरू झाली.

प्रतिसाद : असहमत

गिरणी बंद पडली ती भीषण दुष्काळामुळे. सरकारी खरेदीच्या माथी तो दोष मारणे योग्य नाही. त्याच दुष्काळात मरे नदीचे मुख वाळूने बुजू नये म्हणून तेथे वर्षानुवर्षे गाळ उपसावा लागला आणि मुखाजवळच्या कूरांग या खाऱ्या सरोवराचा दक्षिण भाग समुद्राहून कितीतरी खारट झाला. मार्च २०२३ मध्ये मेनिंडीजवळ लाखो मासे मेले. हक्क विकणारा शेतकरी स्वखुशीने विकतो. त्याला आपण कोणत्या अधिकाराने अडवायचे?

प्रस्तावकाचे उत्तर

मेनिंडी डार्लिंग नदीवर आहे, मरेच्या संगमाच्या बरेच वर. डेनिलिक्विनचे सगळे पाणी घेतले तरी त्याचा थेंबही तेथे पोहोचणार नाही. कूरांगचा मुद्दा मात्र मान्य आहे. परंतु तिकडे जाणाऱ्या पाण्याला बार्माजवळच्या मरे नदीच्या अरुंद पात्रातून जावे लागते, आणि तेथे मर्यादेबाहेर पाणी सोडले की काठ ढासळतात. स्वखुशीविषयी एवढेच म्हणेन की २०१८-१९ मध्ये मरे खोऱ्यातील न्यू साउथ वेल्सच्या सामान्य हक्कधारकांना, म्हणजे ज्यांना अग्रक्रमाच्या हक्कांनंतर पाणी मिळते त्यांना, आपल्या हक्काच्या शून्य टक्के पाणी मिळाले. अशा वर्षानंतर बँकेचा हप्ता थकलेला माणूस विकतो, तेव्हा ती खुशी कितपत खरी मानायची?

प्रतिसाद : असहमत

अडचणीत सापडलेल्या माणसाला गिऱ्हाईकच नाकारले, तर त्याची अडचण वाढेल. शिवाय गावाजवळच्या मिलेवा जंगलातील रेड गम वृक्षांना अधूनमधून पुराचे पाणी लागते, आणि ते त्याच नद्यांतून यायचे आहे. सुटे हक्क उचलण्याऐवजी कालव्याची तोट्यातील एखादी उपशाखा सर्व खातेदारांच्या संमतीने पूर्ण घ्यावी, म्हणजे उरलेल्यांवर त्या शाखेचा खर्च पडणार नाही, आणि गिरणी कामगारांनाही भरपाई द्यावी. एवढी अट मला मान्य आहे. खरेदीच थांबवावी, हे मान्य नाही.